राखगडचा दुसरा भाग

४ जून, रविवार

ठके,

तुझा खेळ मी विकत घेतला. फुकट मागितला नाही, हे आधी लक्षात घे. दुकानदाराने विचारलं, "घरात कोणासाठी?" मी म्हटलं, "माझ्यासाठी." त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि काळजीने म्हणाला, "मॅडम, 'राखगड'चा हा दुसरा भाग जमेल तुम्हाला. पहिल्याच्या वाटेला जाऊ नका. तो फार कडक आहे म्हणतात." मी म्हटलं, "म्हणतात खरं." पहिल्या भागातली प्रत्येक तलवार किती किलोची, हे या हातांनी ठरवलंय, असं काही त्याला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, असं घरी येईपर्यंत वाटत राहिलं.

सहा वर्षांनी लिहिते आहे ती गळ्यात पडायला नव्हे. कामासाठी लिहिते आहे. व्हिडिओ गेमवरच्या एका मासिकाच्या संपादकांचा फोन आला होता. म्हणाले, "पहिल्या भागाचे नियम तुमचे, दुसऱ्याचे तुमच्या धाकट्या बहिणीचे. तुलना करायला तुमच्याइतकं योग्य कोण? अगदी मोकळेपणाने लिहा. हातचं राखू नका." हातचं राखू नका म्हणजे काय, ते मला कळतं. त्यांना दोन बहिणींची झोंबाझोंबी हवी आहे. मी हो म्हटलं. पण छापून आल्यावर तुला कळावं हे मला पटत नाही. जसजशी खेळेन तसतसं तुला आधी कळवेन. पाठीमागून वार करणाऱ्यातली मी नाही.

तर पहिल्या तीन तासांचं मत असं.

वाटाडीण तीच, तिच्या हातातली पेटती मशाल तीच, राखेखाली गाडला गेलेला मुलूख ओलांडून गडावर पोचायचं हेही तेच. चित्रं सुंदर आहेत. ती तू आधीही सुंदरच काढायचीस, त्याबद्दल वाद कधीच नव्हता. वाद नियमांचा. आणि नियमांची तू पार वाट लावली आहेस.

आपल्या पहिल्या भागात वाटाडीण बेचाळीस किलो उचलू शकायची. एक ग्रॅम जास्त झाला की पाय जड. पुढे काय लागेल आणि मागे काय टाकायचं, हा विचार खेळणाऱ्याला पावलोपावली करावा लागायचा. लोक मला पत्रं लिहायचे, की पाण्याची पखाल ठेवू की ढाल, या विचारात आमची दुपार गेली. दुसऱ्या भागात तू वजनच काढून टाकलंस आणि पिशवीला वीस खण दिलेस. म्हणजे एका खणात सुई आणि शेजारच्या खणात ऐरण! वाटाडीण ऐरण खांद्यावर टाकून उड्या मारत डोंगर चढते. मी सोफ्यावर बसून एकटीच हसले.

सुरुवातीला पडक्या चौकीत ती घंटा कशाला टांगली आहेस? चौकीदार म्हणतो, "घंटेवर उजेड पडला की ठोका दे. असे पाच ठोके दे, मग वाट उघडतो." दिले. वाट उघडली. त्या घंटेचा पुढे काहीच उपयोग नाही. नुसती शोभा. पहिल्या भागात मी अशी शोभा कधी ठेवू दिली नसती.

आई बरी आहे. ते तुला माहीत असेलच. तुझा फोन आला की ती गॅलरीत जाऊन कुजबुजते. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे तिचं कुजबुजणं खालच्या मजल्यापर्यंत जातं.

— ताई


११ जून, रविवार

ठके,

उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती. पत्र पोचल्याची पावती आहे माझ्याकडे.

आजचा विषय सेव्ह करण्याचा.

पहिल्या भागात मशालीला तेल घालायचे नऊच थांबे होते. तिथे पोचलात तर केलेली वाटचाल टिकली. दोन थांब्यांच्या मधे मेलात, तर मागच्या थांब्यापासून पुन्हा. लोक रडकुंडीला यायचे. आणि थांब्यावर पोचले की खुर्चीतून उठून ओरडायचे. ते ओरडणं मी मिळवलेलं आहे, ठके. त्याचा मला आजही अभिमान आहे. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची आपली ती भाड्याची खोली, दोन टेबलं आणि एक पंखा, तो पंखा कोणाकडे वळवायचा यावरून रोज भांडण. त्या खोलीत बसून दोन थांब्यांमधलं अंतर मी चारशे वेळा चालून पाहिलं होतं. चारशे. अंदाजाने ठेवलेला एकही थांबा त्या खेळात नाही.

आणि तू? कुठेही बसा, केव्हाही सेव्ह करा. मेलात तर दोन पावलं मागून पुन्हा चालू.

मी ठरवलं होतं की दुसरा भागही पहिल्याच्या शिस्तीने खेळायचा. थांब्याशिवाय सेव्ह करायचं नाही. आता खरं सांगते, कारण खोटं लिहून तुलना होत नाही. पहिल्या दिवशी तासातून एकदा सेव्ह केलं. तिसऱ्या दिवशी दर तीन मिनिटांनी. स्वतःचीच लाज वाटली. मग काल एक झालं. खिंडीच्या तळाशी ती अरुंद भेग आहे ना, जिच्यातून गरम वाफ येते? पहिल्या भागात असती तर मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. दीड तासाची वाटचाल पणाला लावून वाफेत कोण शिरणार? काल शिरले. मेले. पुन्हा शिरले. सहा वेळा मेल्यावर पलीकडे तो बुडालेला बाजार दिसला. राखेत कमरेपर्यंत रुतलेली दुकानं, आणि एका दुकानात अजून तागडी हलते आहे.

चारशे वेळा चालूनही माझ्या खेळात लोक ठरल्या वाटेवरूनच जायचे. हे मला माहीत होतं. आपल्याकडे आलेल्या आकड्यांत दिसायचं ते. मी ते कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, एवढंच.

माझं काम चांगलं चाललंय, विचारलं नाहीस तरी सांगते. लिफ्ट तपासते. इमारतीच्या माथ्यावरच्या खोलीत जाऊन दोर, ब्रेक, चाकं पाहायची, मग लोखंडी वजनं भरून लिफ्ट वरखाली करायची आणि पाटीवर लिहायचं, किती माणसं. गेल्या आठवड्यात एका इमारतीचे चिटणीस मागे लागले होते. "चारच्या जागी सहा लिहा ना, बाई. दोन माणसांनी काय होतंय?" मी म्हटलं, "लिहिते. पण पहिल्या फेरीत तुम्ही बसा, आणि बाकीचे पाच घरचे घ्या." पाटीवर चारच आहेत.

पिशवीच्या खणांबद्दलचं माझं मत कायम आहे.

— ताई


२५ जून, रविवार

ठके,

मागच्या रविवारी लिहिलं नाही. का, ते सांगते.

त्याच्या आधीच्या मंगळवारी कामावरून लवकर आले. दार उघडलं तर टीव्हीवर राखगड चालू, आणि सोफ्यावर आई. चष्मा कपाळावर, कंट्रोलर पोटाशी धरलेला, आणि तोंडाने, "ये, ये, ये की मेल्या समोर!"

मी म्हटलं, "आई, काय चाललंय?"

"थांब, मधे बोलू नकोस. याची कुऱ्हाड वर गेली की मला ढाल उचलायची आहे."

कुऱ्हाड वर गेली. आईने ढाल उचलली. ठण्णकन आवाज झाला, राखेतलं ते भूत मागे कोलमडलं, आणि आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढच्याकडे वळली.

पहिल्या भागात ढाल उचलायला किती वेळ मिळायचा, आठवतं? सेकंदाचा पाचवा भाग. सगळ्यांना सारखाच. राजा असो की रंक, पाचवा भाग. तो माझा सगळ्यात लाडका नियम होता. कोणाला सवलत नाही, कोणावर अन्याय नाही. मुलाखतींमध्ये मी तो छाती पुढे काढून सांगायची.

आणि आईला तो दिवस आठवत होता, जो मी सोयीस्करपणे विसरले होते. पहिला भाग पुरा झाला तेव्हा ती आपल्या त्या खोलीवर आली होती. जिना चढून, धापा टाकत. म्हणाली, "मला पण खेळू द्या. बघू तरी पोरींनी काय केलंय." चाळीस वर्षं टेलिफोन ऑफिसात काढलेली बाई. एका हाताने तार काढायची, दुसऱ्याने घालायची, सगळ्या ऑफिसात तिच्याइतके जलद हात कोणाचे नव्हते. पण तोवर हाताला कंप सुटला होता. पहिल्या वेशीवरचा पहारेकरी तिला ओलांडता आला नाही. चाळीस वेळा मेली. तू म्हणालीस, "ताई, हिच्यासाठी वेळ वाढव ना थोडा." मी म्हटलं, "मग तो खेळ राहणार नाही." आईने कंट्रोलर हळूच टेबलावर ठेवला, "हे तुम्हा तरुणांचं आहे गं," म्हणाली आणि चहा करायला उठली.

त्या मंगळवारी मी तिच्या शेजारी बसून विचारलं, "तू सोपं करून घेतलंस का? कुठे बटण आहे त्याचं?"

"बटण कसलं? मी काही नाही केलं. घंटा वाजवली आणि आत आले."

घंटा.

मी तिला सगळं पहिल्यापासून सुरू करायला लावलं. खूप बडबडली, पण केलं. उजेड पडला की ठोका. तिचा हात थरथरत होता. पहिला ठोका उशिरा, दुसरा त्याहून उशिरा, तिसरा बरा. पाच झाले, चौकीदाराने वाट उघडली. मग मी घड्याळ घेऊन बसले. तिच्या खेळात त्या भुताची कुऱ्हाड वर गेल्यापासून खाली यायला माझ्या खेळातल्यापेक्षा दुपटीहून थोडा जास्त वेळ लागत होता. पण ते भूत चालत मात्र तेवढ्याच वेगाने होतं. ओरडत तेवढ्याच वेगाने होतं. आईला कुठेही वाटलं नाही की आपल्यासाठी कोणी काही हळू केलंय. आणि फुकटही काही मिळत नव्हतं. वेशीवर ती सात वेळा मेली. मी आदल्या आठवड्यात त्याच वेशीवर सहा वेळा मेले होते.

सहा आणि सात, ठके.

मी सगळ्यांना वेळ सारखा दिला होता. तू सगळ्यांना अवघडपणा सारखा दिलास. आणि हे करताना कोणाला "तू कच्चा आहेस" असं सांगितलं नाहीस. हात मोजायला एक घंटा टांगलीस, बस्स. आणि मी तिला शोभा म्हटलं.

दोन रविवार मी वही घेऊन हे गणित मांडायचा प्रयत्न करते आहे. हात सावकाश असतो तो वेगळा, डोळा सावकाश असतो तो वेगळा. एकाला वेळ वाढवला की दुसऱ्याला विचार करायला जादा वेळ मिळतो आणि सगळं सैल पडतं. तीन भुतं एकदम आली की आणखी गुंता. मला हे सुटलेलं नाही. तुला कसं सुटलं, तेही मला कळलेलं नाही. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

आई आता बुडालेल्या बाजारात पोचली आहे. तिथल्या तागडीवाल्याशी तिचं जमत नाही.

— ताई


२ जुलै, रविवार

ठके,

आज खेळ संपवला. आता जे लिहायचं ते सरळ लिहिते, नाहीतर लिहून होणार नाही.

सुरुवातीपासून मी तुझ्या खेळात स्वतःला शोधत होते. वाटलं होतं, ठकीने मला कुठेतरी बसवलं असणार. कोणीतरी कजाग म्हातारी, फूटपट्टी घेऊन दारात उभी. किंवा गडावरची ती शेवटची राणी, जी कोणालाच आत घेत नाही. राणीपर्यंत गेले. ती माझ्यासारखी नाही. कुणीच माझ्यासारखं नाही. मग वाटलं, शेवटच्या नामावलीत एखादी ओळ असेल. ती नावं वर सरकत गेली, मी शेवटपर्यंत बघत राहिले. माझं नाव नाही.

अर्धा तास राग आला. मग कळलं की बरोबर आहे. यातला एकही नियम माझा नाही. तू माझ्यावर सूड उगवला नाहीस आणि माझे उपकारही मानले नाहीस. तू आपलं काम केलंस.

आता वह्यांचं.

मी सगळ्यांना सांगितलं की ठकीने मला काढलं. आईला, मावशीला, लिफ्टच्या ऑफिसात नोकरी मागताना, सगळीकडे. पुष्कळदा सांगितल्यावर मलाही तेच आठवायला लागलं. खरं तू जाणतेस. कोणी काढलं नव्हतं. दुसऱ्या भागाबद्दल आठ जण बसलो होतो, तू म्हणालीस ढालीचा वेळ प्रत्येकाच्या हाताप्रमाणे ठेवू या, मी म्हटलं हा पोरखेळ आहे. हात वर करून मत घेतलं. सात हात तुझ्या बाजूने वर गेले. मी उठले, कपाटातल्या अकरा वह्या पिशवीत भरल्या आणि जिना उतरले. तू चपलासुद्धा न घालता मागे धावत आलीस. सायकलवाल्याच्या दारात मला गाठलंस. म्हणालीस, "ताई, जायचं तर जा, पण वह्या तरी ठेव. सगळे आकडे त्यात आहेत."

मी म्हटलं, "कुठल्या वह्या?"

पिशवी माझ्या खांद्यावर होती. तिच्या तोंडातून वहीची निळी पाठ बाहेर दिसत होती. तू ती पाहिलीस, माझ्याकडे पाहिलंस आणि वळून जिना चढलीस. आईला यातलं एक अक्षरही तू कधी सांगितलं नाहीस, हे मला गेल्या महिन्यात कळलं. मी तिला काल सगळं सांगितलं. मग म्हणाली, "आणि इतकी वर्षं मी तिलाच रागावत होते फोनवर."

म्हणून ती गॅलरीत जायची. मला वाटायचं, लाड करायला जाते.

त्या वह्यांत चार वर्षांचे आकडे होते. ते नाहीत म्हणजे तुला सगळं शून्यापासून करावं लागणार, हे मला त्या दिवशी माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच नेल्या. तू अडशील, फोन करशील, अशी माझी खात्री होती. सहा वर्षं फोन वाजला की मला तेच वाटायचं. तू अडली नाहीस. किंवा अडली असशील, पण माझ्याकडे आली नाहीस.

वह्या या पत्राबरोबर वेगळ्या पार्सलने पाठवते आहे. अकराच्या अकरा. सातव्या वहीवर चहा सांडला आहे तो जुनाच.

मला माफ कर, असं लिहिलं तर तुला उत्तर द्यावं लागेल, म्हणून लिहीत नाही. चूक माझी होती, एवढंच लिहिते.

— ताई


२० जुलै, गुरुवार

ठके,

लेख दिला. आज संपादकांचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"ताई, वाचलं. पण हे कौतुक झालं हो."

मी म्हटलं, "कौतुक नाही. तपासणी अहवाल आहे. वजन घालून पाहिलं, जे पेललं ते लिहिलं. जे पेललं नाही तेही लिहिलंय, पान तीन बघा."

पान तीनवर पिशवीचे खण आहेत. ऐरणीबद्दल मी तुला सोडलेलं नाही. वजनाचा नियम पहिल्या भागातलाच चांगला होता, आणि तू तो का टाकलास हे मला अजून पटलेलं नाही. थांब्यांबद्दल दोन्ही बाजू लिहिल्या आहेत. पहिल्या भागात थांब्यावर पोचल्याचा आनंद मोठा, दुसऱ्यात वाट सोडून भटकायची हिंमत मोठी. दोन्ही एका खेळात मावणार नाहीत असं मला वाटतं. तुला वाटत असेल तर करून दाखव.

घंटेला मी दोन पानं दिली आहेत.

"आणि शेवटचा परिच्छेद," संपादक म्हणाले. "तो छापायचा का? तुम्ही वह्या नेल्या वगैरे. तुमचीच बदनामी आहे त्यात."

"त्याशिवाय तुलना पुरी होत नाही," मी म्हटलं. "पहिला भाग मी चार वर्षांत केला, जवळ सगळं होतं तेव्हा. दुसरा तिने केला, जवळ काही नव्हतं तेव्हा. वाचणाऱ्याला हे कळलंच पाहिजे. तो परिच्छेद गाळणार असाल तर लेख परत द्या."

मग म्हणाले, "छापतो." आणि फोन ठेवता ठेवता, "माझाही एक मोठा भाऊ आहे," असं काहीतरी पुटपुटले.

ऑफिसात आता सगळ्यांना ठाऊक झालंय की राखगडवाली ती माझी बहीण. आमचे साहेब पंचावन्नचे, चष्मा जाड. काल माथ्यावरच्या खोलीत दोर तपासता तपासता हळूच विचारलं, "त्या वाफेच्या भेगेतून कसं जायचं हो?" मी सांगितलं नाही. म्हटलं, "सर, मरा सहा वेळा."

— ताई


१३ ऑगस्ट, रविवार

ठके,

राखगडवरच्या तुझ्या आजच्या भाषणानंतर तू गर्दीत अडकलीस आणि आईला फार उभं राहवेना, म्हणून आम्ही निघून आलो. रागावून गेलो असं समजू नकोस. पुढच्या रविवारी तू येते आहेस, हे आईला फोनवर सांगितलंस, ते मला लगेच कळलं. यावेळी ती गॅलरीत गेली नव्हती.

पण आज सभागृहात तू फळ्याकडे तोंड करून होतीस तेव्हा खाली काय चाललं होतं, ते तुला दिसलं नाही. ते लिहायलाच बसले आहे.

आम्ही तिकीट काढून आलो होतो, पाचव्या रांगेत. एवढी माणसं मी कुठल्या खेळासाठी जमलेली पाहिली नव्हती. आमच्या पुढे एक सुतार होता, त्याची दोन बोटं नव्हती. तो शेजाऱ्याला सांगत होता, "मी गडावर पोचलो बरं का. स्वतःच्या हाताने." आईने मागून त्याच्या खांद्यावर टिचकी मारली आणि म्हणाली, "मीसुद्धा."

प्रश्नांची वेळ आली तेव्हा मी रांगेत उभी राहिले. काय विचारायचं ते ठरलेलं होतं. माईक हातात आला. तू वर, मी खाली. तू मला ओळखलंस तेव्हा तुझा हात टेबलाच्या कडेवर गेला, ते मी पाहिलं.

मी विचारलं, "पहिल्या भागात ढालीचा वेळ सेकंदाचा पाचवा भाग होता. दुसऱ्यात तो प्रत्येकाच्या हाताप्रमाणे आहे. आकडे जवळ नसताना ते गणित कसं सोडवलंत?"

अहोजाहो केलं. चारचौघांत दुसरं काय करणार?

मग म्हणालीस, "दोन वर्षं लागली, ताई." नुसतं तेवढंच. माईकमध्ये. सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. लेख सगळ्यांनी वाचला होता, मी कोण ते त्यांना कळलं. मला वाटलं, आता तू जे बोलशील ते मी उभ्याने ऐकून घेईन. माझ्यावर तेवढं निघतं.

तू म्हणालीस, "वह्या मिळाल्या. अजून उघडल्या नाहीत. पण प्रश्न चांगला आहे, त्याचं उत्तर देते." आणि खडू घेऊन फळ्याकडे वळलीस.

सांगितलंस, की दोन वर्षं तू माणसांमागून हिंडलीस. दोनशे चौदा माणसं. शिंपी, चालक, पेटी वाजवणारे, पक्षाघातातून उठलेले, सगळ्यांच्या पुढे एक घंटा ठेवलीस आणि मोजत बसलीस. पाच ठोक्यांतला सर्वांत जलद आणि सर्वांत उशिराचा सोडून द्यायचा, मधल्या तीन ठोक्यांवरून हात किती सावकाश ते कळतं, आणि त्या तिन्हींत एकमेकांपासून किती फरक आहे त्यावरून हात किती बेभरवशाचा ते कळतं. हे दोन आकडे वेगळे ठेवायचे. मी दोन रविवार जिथे अडले होते ते हेच! मी दोन्हींची मोट एकत्र बांधत होते. तू पहिल्याने कुऱ्हाडीचा वेळ ठरवलास आणि दुसऱ्याने ढालीची सूट, आणि तीन भुतं एकदम आली तर दुसरा आकडा एकदाच धरायचा. इतकं साधं. मी तिथे उभी राहून एकेक पायरी तुझ्याबरोबर चढत होते, आणि प्रत्येक पायरीला मला वाटत होतं, अगं हो, अगं हो!

आणि तिसऱ्या ओळीत तू एक्केचाळीसमधून सतरा वजा करून चौतीस लिहिलंस.

चोवीस, ठके. चोवीस.

माझा हात आपोआप वर निघाला होता. तो मी दुसऱ्या हाताने धरून खाली आणला. सभागृहात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तू भराभर लिहीत होतीस, केसांना खडू लागला होता, पुढच्या रांगेतला सुतार तोंड उघडं ठेवून बघत होता. सहाव्या ओळीत तू दहाच तेवढे कमी धरलेस आणि उत्तर अगदी बरोबर आलं. कसं आलं, देव जाणे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तर माईक बगलेत धरून वाजवल्या, म्हणून तो आवाज एवढा मोठा झाला.

तू पुढे समजावत राहिलीस आणि मी जागची हलले नाही. माझ्या मागे रांगेत एक गृहस्थ होते, ते चुळबुळायला लागले. शेवटी मला म्हणाले, "बाई, तुमचा प्रश्न झाला ना? सरका की आता."

मी म्हटलं, "थांबा हो जरा. बहीण आहे माझी ती. उत्तर पुरं होऊ दे."

त्यांनी एकदा तुझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"सख्खी?"

मी म्हटलं, "सख्खी."

— ताई